मी लक्ष घालतो

विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदासाठी अर्ज भरला त्या दिवसापासून वकिलाच्या डाव्या खांद्यामागे एक माणूस कायमचा चिकटला होता. माणूस म्हणजे त्याचा खोलीसोबती. अंगाने किडकिडीत, आणि ओठ न हलवता बोलण्यात इतका पटाईत की पाहणाऱ्याला वाटावं, हा नुसती जांभई आवरतोय. वसतिगृहात त्याला सगळे आकाशवाणी म्हणत.

वकील काही वकिलीचा विद्यार्थी नव्हता. शिकत होता इतिहास. पहिल्या वर्षाला असताना खानावळीतल्या दुधात पाणी किती असतं यावरून त्याने व्यवस्थापकाशी असा काही वाद घातला, की शेवटी त्या गृहस्थाने स्वतःच पेला तोंडाला लावून कबूल केलं, "हो, जरा पातळच आहे." तेव्हापासून तो वकील. दूध पुढे काही दिवस घट्ट आलं आणि मग होतं तसंच पातळ झालं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या नावाच्या जोरावर तो गेल्या वर्षी संघाचा सहचिटणीस झाला आणि यंदा थेट अध्यक्षपदाला उभा राहिला.

निवडणूक लढवायची तर वसतिगृहाच्या खोल्या पालथ्या घालाव्या लागतात. दार वाजवायचं, पलंगाच्या कडेला टेकायचं, चार शब्द बोलायचे आणि उठायचं. सगळेच उमेदवार हे करतात. वकिलाचं वेगळेपण असं, की दार उघडताच मागून आकाशवाणी सुरू व्हायची.

"खिडकीजवळचा निळा शर्ट. भूगोल. धाकट्या भावाला विषमज्वर."

आणि आत पाऊल टाकताच वकील म्हणायचा, "काय रे, धाकट्याचा ताप उतरला का?"

निळा शर्ट पाघळलाच म्हणून समजा. ज्याला स्वतःच्या वर्गातली मुलं नावाने ओळखत नाहीत, त्याच्या भावाचा ताप अध्यक्षपदाच्या उमेदवाराला ठाऊक! आकाशवाणी ही माहिती आणायचा कुठून, तर जिथे लोक वाट बघत बसतात तिथून. इस्त्रीवाल्याच्या टपरीवर, न्हाव्याच्या बाकावर, दवाखान्याच्या व्हरांड्यात. वाट बघणारा माणूस आपणहून बोलतो, हे त्याला कोणी न शिकवता कळलं होतं. आणि एकदा ऐकलेलं तो विसरत नसे.

त्याच्या विरोधात उभी होती कॅप्टन. मुलींच्या बास्केटबॉल संघाची कप्तान, आवाज मैदानभर पोचणारा, आणि नावांच्या बाबतीत डोकं साफ रिकामं. दोन वर्षं ज्यांच्याबरोबर खेळली त्यांनाही ती "ए बाबा" आणि "ए बाई" म्हणायची. "तुझं नाव काय रे? परत विसरले बघ," असं तोंडावर विचारायची आणि वर हसायची. आकाशवाणीला तिची कीव यायची. "ही कसली लढणार?" तो म्हणायचा. "हिला स्वतःचं नाव मतपत्रिकेवर ओळखता आलं तरी खूप झालं."

माहितीखेरीज वकिलाकडे आणखी एक हत्यार होतं. चार शब्दांचं. कोणी म्हणायचं, नळाला पाणी येत नाही. कोणी म्हणायचं, ग्रंथालय लवकर बंद होतं. कोणाची शिष्यवृत्ती अडकलेली, कोणाच्या खोलीत ढेकूण. वकील समोरच्याचा हात हातात घ्यायचा, मान थोडी कलती करायचा आणि सांगायचा, "मी लक्ष घालतो. नक्की." हे इतकं अंगवळणी पडलं, की एकदा थोरल्या बहिणीने फोन करून सांगितलं, "अरे, बाबांचा चष्मा फुटलाय, सुट्टीत येशील तेव्हा त्यांना घेऊन जा," तर हा पलीकडून म्हणाला, "मी लक्ष घालतो, नक्की."

"अरे ए," बहीण म्हणाली, "मी तुझी ताई आहे, मतदार नव्हे."

वकील हसला. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

तर अशाच एका फेरीत जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आकाशवाणी पुटपुटला, "टेबलाशी बसलाय तो. रसायन. आई आजारी, दवाखान्यात."

टेबलाशी बसलेल्या त्या मुलाला सगळे सावकाश म्हणत. कारण तो सगळंच सावकाश करायचा. चालायचा सावकाश, जेवायचा सावकाश, आणि प्रश्न विचारला तर उत्तर यायच्या आत विचारणारा विषय बदलून मोकळा व्हायचा. वकिलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आईची तब्येत कशी आहे रे?"

सावकाशने मान वर केली. मग बऱ्याच वेळाने, पण न थांबता, तो बोलू लागला. आई शाळेचे गणवेश शिवते. आता हातात सुई धरवत नाही. तरी दवाखान्यातल्या परिचारिकेच्या बाहीची शिवण उसवलेली दिसली तर जीव खालीवर होतो तिचा. हे सांगताना तो हसला, आणि त्याचा सोबती, दारावर टेकून उभा असलेला एक जाडसर मुलगा, डोळे विस्फारून बघतच राहिला. हा एवढं बोलतो हे त्यालाही नवीन होतं.

"काही लागलं तर मला सांगायचं," वकील उठत म्हणाला. "दुसऱ्या कोणाला नाही. मला."

बाहेर पडल्यावर आकाशवाणी म्हणाला, "हा मजला खिशात."

त्यानंतर प्रचाराला जोर आला. वकिलाच्या डोक्यात दिवसभर गजबज असायची. जिन्यातून उतरताना एकाशी बोलायचं, त्याच वेळी दुसऱ्याला हात करायचा, आणि कानाशी आकाशवाणीची तिसऱ्याबद्दलची माहिती. अशाच गडबडीत एका सकाळी सावकाश त्याला जिन्याच्या वळणावर भेटला. भेटला म्हणजे वाट बघत उभाच होता. अंगात प्रवासाचे चुरगळलेले कपडे, खांद्याला पिशवी.

"तुला सांगायचं होतं," सावकाश म्हणाला. "माझी आई वारली."

खालून गणिताच्या मुलांचा घोळका वर येत होता. आकाशवाणी कानात म्हणत होता, "पुढचा तो उंच, त्याचा मामा क्रीडा विभागात, त्याला दुखवू नकोस." सावकाश बोलतच होता. घरी जावं लागलं, प्रात्यक्षिक परीक्षा बुडाली, तू संघात आहेस तर विभागप्रमुखांशी बोलशील का, मी स्वतः गेलो तर मला नीट सांगता येणार नाही. वकिलाच्या कानावर सगळं पडलं. शब्दन् शब्द पडला. पण कानावर पडणं आणि ऐकणं यात जे काही असतं, ते त्या वेळी त्याच्याजवळ नव्हतं. ते उंच मुलाच्या मामाकडे गेलं होतं. त्याने सावकाशचा हात हातात घेतला, मान थोडी कलती केली.

"मी लक्ष घालतो," तो म्हणाला. "नक्की."

"बरं," सावकाश म्हणाला, आणि पिशवी सावरत वर गेला.

पुढचा आठवडा असाच गेला. मतदान तोंडावर आलं तेव्हा आकाशवाणीने जुन्या इमारतीची शेवटची फेरी ठरवली. या वेळी दोघे नव्हते. मागे पंधरा-वीस पोरं होती, घोषणा होत्या, आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत शेजारच्या खोल्यांतलीही मुलं दारात गोळा झाली होती. सावकाश टेबलाशीच होता. आकाशवाणीने कानात मागचंच सांगितलं, कारण त्याच्यापाशी मागचंच होतं. जिन्यात तोही गणिताच्या मुलांकडे बघत होता.

वकिलाने सावकाशच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय म्हणते आई? तब्येत कशी आहे आता?"

खोलीत कोणाच्या ध्यानात काही आलं नाही. फक्त दाराशी उभ्या असलेल्या जाड्याचं तोंड उघडं राहिलं. सावकाशने वकिलाकडे पाहिलं. मग मागच्या गर्दीकडे पाहिलं. पुन्हा वकिलाकडे. एवढं लवकर उत्तर त्याने आयुष्यात कधी दिलं नसेल.

"बरी आहे," तो म्हणाला.

"वा! माझा नमस्कार सांग त्यांना."

"सांगतो."

घोळका पुढच्या खोलीकडे सरकला. जाड्या मात्र मागून आला आणि त्याने वकिलाची बाही धरली. त्याला राग आवरत नव्हता, पण आवाज चढवायची सवय नसल्यामुळे तो कुजबुजतच बोलला.

"तू माणूस आहेस का रे?"

"का? काय झालं?"

"त्याची आई मेली. त्याने तुला सांगितलं. जिन्यात. वर येऊन मला म्हणाला, वकिलाशी बोललोय, तो लक्ष घालतो म्हणालाय. फेरपरीक्षेची नावं घेत होते तेव्हा मी म्हटलं, जा, तूच जाऊन ये. तर म्हणाला, नको, दोनदोनदा सांगितलं तर त्याला वाटेल माझा त्याच्यावर विश्वास नाही."

वकील काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात जिना आठवला. चुरगळलेला सदरा आठवला, पिशवी आठवली, आणि मग एकेक शब्द, जसाच्या तसा, वर आला. विसरला असता तर बरं झालं असतं. विसरला नव्हता, घेतलाच नव्हता. पुढच्या खोलीतून पोरं हाका मारत होती, "वकील! वकीलसाहेब!" आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तसाच रसायन विभागात गेला. विभागप्रमुख हात धूत होते. बोटांवर पिवळे डाग पडलेले, ते साबणाने जात नव्हते, तरी घासत होते.

"फेरपरीक्षेची नावं मी पाठवून दिली," ते म्हणाले. "मुलगा माझ्याकडे का आला नाही?"

"मी त्याला म्हणालो होतो, सर. मी लक्ष घालतो म्हणून."

"मग घातलंस का?"

विभागप्रमुखांनी हात पुसले. उद्या दुपारी प्राध्यापकांची बैठक आहे, ते म्हणाले. संघाच्या पदाधिकाऱ्याला तिथे येऊन एखाद्याची बाजू मांडता येते. ऐकतील की नाही सांगता येत नाही, कारण मुदत टळलेली आहे. नाही ऐकलं तर पोराचं वर्ष गेलं.

"उद्या दुपारी?"

"का? अडचण आहे?"

अडचण होती. उद्या दुपारीच आमनेसामने होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी दोन्ही उमेदवार अंगणातल्या व्यासपीठावर शेजारी शेजारी बसत, भाषण करत आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत. जो आला नाही त्याची खुर्ची तशीच रिकामी ठेवायची पद्धत होती, म्हणजे सगळ्यांना दिसावी. आमनेसामने चुकवून निवडून आलेला उमेदवार कोणाला आठवत नव्हता.

खोलीवर आल्यावर त्याने आकाशवाणीला सगळं सांगितलं. आकाशवाणी पलंगावर बसला, उठला, पुन्हा बसला.

"चूक माझीही आहे," तो म्हणाला. "मी कान कुठे ठेवले होते कोण जाणे. पण आता ऐक. उद्या तू व्यासपीठावर उभा राहा आणि हेच सांग. जसंच्या तसं. माझ्या हातून असं असं झालं, मला लाज वाटते. लोक रडतील रे! कॅप्टन गेली बाराच्या भावात."

"गप्प बस."

"अरे, खरंच तर आहे! खोटं थोडंच सांगायचंय?"

वकिलाने त्याला खोलीबाहेर काढलं. पण दार लावून बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण भाषण जुळवतोय. 'मित्रांनो, आज मी मत मागायला आलो नाही' इथून सुरुवात झाली होती. 'बरी आहे' या दोन शब्दांनंतर थोडं थांबायचं, हेही ठरलं होतं. थांबून खाली बघायचं. त्याला स्वतःचीच किळस आली. जिन्यातली चूक एक वेळ घाईची म्हणता आली असती. ही तर निवांत बसून चालली होती.

त्याने घरी फोन लावला. आईने उचलला.

"काय रे, हरलास की काय?"

"अजून मतदान नाही झालं."

"मग आवाज असा का?"

"काही नाही. तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? जेवलास का?"

"हो," तो म्हणाला. जेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बैठकीच्या दालनाबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. आकाशवाणीला त्याने बजावलं होतं, तो येऊ शकत नाही एवढंच सांग. वर एक अक्षर नको. आकाशवाणीने गळ्याला हात लावून शपथ घेतली होती.

बैठक लांबत गेली. बाकासमोरच्या उघड्या खिडकीतून अंगणातला आवाज येत होता. आधी कॅप्टनचा. शब्द कळत नव्हते, पण हशा कळत होता. मग आकाशवाणीचा बारीक आवाज. इतक्या मोठ्याने बोलायची त्याला सवय नव्हती, मधेमधे चिरकत होता. हा एवढा वेळ काय बोलतोय, असं वकिलाच्या मनात आलं. येऊ शकत नाही म्हणायला किती वेळ लागतो? मग अंगण एकदम चिडीचूप झालं. आणि त्यानंतर ज्या टाळ्या सुरू झाल्या, त्यांनी दारावरचा शिपाईसुद्धा मान वळवून बघायला लागला.

वकील उठला, खिडकीपाशी गेला, आणि नेमकं त्याच वेळी आतून बोलावणं आलं.

आत लांब टेबलाभोवती प्राध्यापक बसले होते. काहींच्या चेहऱ्यावर दुपारची झोप होती. वकिलाने उभ्याने सगळं सांगितलं. मुलाचा काही दोष नाही. त्याने वेळेत सांगितलं होतं. मी शब्द दिला आणि पाळला नाही. नुसता पाळला नाही असंही नाही. त्याची आई गेल्याचं त्याने मला सांगितलं, ते मी ऐकलंच नाही, आणि वर चारचौघांत त्याला तिची तब्येत विचारली. बोलताना त्याने कुठेही थांबायचं नाही असं ठरवलं होतं. तरी एके ठिकाणी आवाज गेला.

त्याला वाटत होतं, आता खडसावतील. निदान एकाने तरी खडसावावं. पण टेबलाच्या टोकाला बसलेले एक म्हातारे प्राध्यापक चष्मा काढून म्हणाले, "आपली चूक अशी उभ्याने कबूल करणारा मुलगा मी बऱ्याच वर्षांनी पाहतोय." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. सावकाशला फेरपरीक्षेला बसायची परवानगी मिळाली. विभागप्रमुख तेवढे काही बोलले नाहीत. ते बोटांवरचे डाग बघत होते. वकिलाला त्यांचाच आधार वाटला.

तो बाहेर आला तर पायऱ्यांखाली गर्दी. त्याला पाहताच पोरांनी एकच गलका केला. कोणीतरी त्याला मिठी मारली. एक मुलगी खरोखरच डोळे पुसत होती. गर्दीच्या मधे आकाशवाणी उभा होता, आनंदाने घामाघूम झालेला.

"काय सांगितलंस तू?"

"रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं फक्त," आकाशवाणी म्हणाला. "म्हटलं, ही खुर्ची रिकामी का आहे ठाऊक आहे? आई गेलेल्या एका पोराचं वर्ष वाचवायला आपला माणूस तिकडे उभा आहे. निवडणूक गेली खड्ड्यात म्हणाला."

"मी असं म्हणालो?"

"तसंच काहीसं."

"आणि बाकीचं? मी काय केलं होतं ते?"

आकाशवाणीने नजर चुकवली. "ते सांगायला वेळ कुठे होता? टाळ्याच थांबेनात."

"सावकाश होता तिथे?"

"होता ना. मागे उभा होता. सगळ्यांनी वळून बघितलं त्याच्याकडे."

गर्दीतून वाट काढत कॅप्टन आली. तिने वकिलाच्या पाठीत असा धपाटा घातला की तो दोन पायऱ्या खाली उतरला. "ए बाबा, हरवलंस तू मला. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या."

वकिलाने तिला बाजूला ओढलं. कोणाला तरी सांगणं भाग होतं, आणि तिथे दुसरं कोणी ऐकण्याच्या अवस्थेत नव्हतं. त्याने जिना सांगितला, खोली सांगितली, "बरी आहे" सांगितलं.

कॅप्टनने खांदे उडवले. "मग? मी तर नावंसुद्धा विसरते लोकांची." मग तिने कपाळावरचे केस मागे सारले. "पण मी कोणाला त्याच्या आईचं विचारत नाही रे," ती म्हणाली, आणि निघून गेली.

संध्याकाळी वकील जुन्या इमारतीत गेला. एकटाच. सावकाशच्या पलंगावर बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग पडला होता. एक फुलांचा गुच्छही होता, तो कुठे ठेवावा हे न कळल्यामुळे पाण्याच्या बादलीत उभा केलेला. जाड्या कोपऱ्यात बसून होता, त्याने वकिलाकडे पाहिलंही नाही.

"परवानगी मिळाली," वकील दारातूनच म्हणाला. "फेरपरीक्षेची."

"कळलं. आभारी आहे."

"आभार नको मानूस. मी... मला माफी मागायची होती."

सावकाशने वही मिटली. वकील उभाच होता. बस म्हणेल अशी वाट बघत होता की काय कोण जाणे, पण सावकाश तसं म्हणाला नाही.

"खोलीत तू विचारलंस ना," सावकाश सावकाश बोलू लागला, "तेव्हा मला वाटलं, याचं हसं होईल. म्हणून म्हटलं, बरी आहे. त्याचं मला काही वाटलं नाही. माणूस गडबडीत असतो." तो पुन्हा थांबला. वकिलाने मधे तोंड घातलं नाही. "पण ही बिस्किटं. मघापासून पोरं येतायत. ज्यांचं तोंड कधी बघितलं नाही ती. विचारतात, कशाने गेली? शेवटी काय म्हणाली? मी कोणाला सांगितलं नव्हतं. वर्गात नाही, सरांना नाही. याला सांगितलं, कारण हा इथेच राहतो. आणि तुला."

"हो."

"तू म्हणाला होतास, मला सांगायचं, दुसऱ्या कोणाला नाही. म्हणून तुला सांगितलं होतं."

मागून कोणीतरी उघडं दार वाजवलं. पहिल्या वर्षाचा एक मुलगा केळी घेऊन आला होता. वकिलाला तिथे पाहून त्याचा चेहरा भक्तिभावाने फुलला. "तुम्ही इथे? वा! खरंच ग्रेट आहात!" सावकाशने केळी घेतली आणि म्हणाला, "आभारी आहे."

तिथून वकील निघाला तो निवडणूक अधिकाऱ्यांच्या घरी गेला. ते भूगर्भशास्त्र शिकवायचे, आणि दारात कुंड्यांना पाणी घालत होते.

"सर, मला अर्ज मागे घ्यायचाय."

"माघारीची मुदत गेली, बाळा."

"काहीच नाही करता येणार?"

"मतपत्रिका छापून झाल्या. आता तू मेलास तरी तुझं नाव राहील." त्यांनी झारी खाली ठेवली. "आणि मागे कशाला घेतोस? जिंकतोयस की. आमच्या घरात दुपारपासून तुझंच चाललंय. बायको म्हणाली, असा मुलगा असावा."

मतदानाच्या दिवशी तो केंद्राच्या फाटकाशी उभा राहिला आणि ओळखीच्या दोघा-तिघांना त्याने हळूच सांगितलं, "मला मत देऊ नका." दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या आवारात पसरली. 'काय विनय आहे, बघा! मला मत देऊ नका म्हणतो!' लोक आपल्या मित्रांना हाताला धरून मतदानाला आणायला लागले. शेवटी वकील खोलीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

निकाल लागला तेव्हा आकाशवाणीने त्याला ओढतच बाहेर काढलं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. खानावळीतल्या थाळ्या वाजत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या, नावाचा जयघोष चालला होता. मिरवणूक ग्रंथालयावरून वळली आणि रसायन विभागाच्या मागच्या रस्त्याला लागली.

खांद्यावर बसल्यामुळे वकिलाला खिडक्यांतून आतलं दिसत होतं. प्रयोगशाळेत फेरपरीक्षा चालू होती. चारदोन मुलं होती. खिडकीजवळ सावकाश उभा होता, हातात काचेची नळी उभी धरून. तो त्यातून थेंब सोडत होता. एक पडला की थांबायचा, चंचुपात्र जरा हलवायचा, रंग बघायचा, मग दुसरा. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल अशा तऱ्हेने तो ते करत होता.

"गप्प बसा," वकील वरून म्हणाला. "अरे, परीक्षा चालू आहे. गप्प बसा!"

थाळ्यांच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही. त्याने दोन्ही हात वर करून थांबा, थांबा अशी खूण केली. ओठांवर बोट ठेवलं. हात जोडले.

खालच्या पोरांनी त्याचे जोडलेले हात पाहिले. त्यांना गहिवरून आलं. कोणीतरी ओरडलं, "बघा, हात जोडतोय!" आणि जयघोष दुप्पट झाला. थाळ्या आणखी जोरात वाजू लागल्या. खांदे उचलले गेले आणि वकील आणखी वर गेला, खिडकीच्या अगदी समोर.

सावकाशने नळी स्टँडला लावली. खिडकीपाशी आला. त्याने वकिलाकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, आणि आधी एक झडप लावून घेतली, मग दुसरी.